मसालेदार धुपाचा परफ्युम: कुणाला देऊळ, कुणाला डंक

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आधी हसूच आलं, रागावू नका, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून मी कोल्हापूरच्या महाद्वार रोडजवळच्या आमच्या दुकानात गेली 27 वर्षं ऐकतोय. म्हणजे तुम्ही धूप आणि मसाल्याचा एक चांगला महागातला परफ्युम घेतला, तुम्हाला त्यात संध्याकाळच्या आरतीनंतरचं देऊळ दिसतं, मिस्टर म्हणतात डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, उभं राहिल्यासारखं वाटतंय, नणंदेला दातांचा दवाखाना आठवतो, सासूबाई लांबूनच म्हणाल्या बाळंतिणीच्या खोलीचा वास येतोय, आणि परदेशातले लोक त्याच परफ्युमला थंडगार दगडी चर्च म्हणतात. मग बाटली डुप्लिकेट आहे का, की माझं नाक बिघडलंय, की ह्या सगळ्यांची?

बाटलीचं शेवटी सांगतो. आधी एवढं सांगून टाकतो की घरातल्या चौघांपैकी एकही जण चुकीचं बोललेला नाही, आणि सासूबाई तर सगळ्यात अचूक बोलल्यात.

बॉक्सवर काय लिहिलंय ते तुम्ही दिलंयच, धूप, मिरी, दालचिनी, लवंग, नागरमोथा, बेन्झॉइन. आता बेन्झॉइन म्हणजे काय, तर आपल्याकडं ज्याला साधा ऊद म्हणतात ना, जो निखाऱ्यावर टाकतात, तो. स्टायरॅक्स नावाच्या झाडाचा डिंक, बहुतेक माल सुमात्रा आणि लाओसकडनं येतो, वास गोडसर, व्हॅनिलासारखा. आणि आपल्या भागात बाळ-बाळंतिणीला आंघोळीनंतर शेगडीची धुरी देताना काय टाकायचे? ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची सालं आणि ऊद. (नवीन आईबापांनी हे वाचून धुरी सुरू करू नका हां, आजकालचे मुलांचे डॉक्टर धुराला सरळ नको म्हणतात आणि ते बरोबर आहेत, तान्ह्याची छाती ती केवढी.) सासूबाईंनी आयुष्यात दहा-बारा बाळंतपणं तरी बघितली असतील, त्यांच्या नाकानं बाकी सगळा मसाला बाजूला सारून तो ऊद नेमका उचलला. ह्याला मी तरबेज नाक म्हणतो. फक्त सासूबाईंना त्याचं नाव माहीत नाही, खोली माहीत आहे.

ह्या 'ऊद' शब्दानं आमच्या धंद्यात जो घोळ घातलाय तो एकदा सांगतोच. अरबी लोक ऊद म्हणतात अगरूच्या लाकडाला, ते आसामकडचं, झाडाला बुरशी लागून आतलं लाकूड काळं पडतं आणि मग त्याला सोन्याचा भाव येतो. आणि मराठीत ऊद म्हणजे वर सांगितला तो डिंक, त्याच्यावरनंच उदबत्ती हा शब्द. तर एक आजोबा दुकानात आले, म्हणाले ऊदचं अत्तर द्या, तेव्हा मी नवखा होतो, दुबईवाला ऊद लावून दिला मनगटावर. आजोबांनी वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आरं पोरा, ह्यो तर गोठ्याचा वास हाय, ऊद कुठाय ह्यात?" आणि खरं सांगतो, अगरूच्या तेलात तो गोठ्याचा, कातड्याचा भाग असतोच, त्याचीच लोक किंमत मोजतात. आजोबा चुकले नव्हते, मी पण चुकलो नव्हतो, शब्द चुकला होता. तेव्हापासनं मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, तुमचा ऊद कुठला, धुरीचा का दुबईचा.

आता तुमचे मिस्टर. डंक म्हटले ना ते, मला ते लई आवडलं, कारण कोल्हापूरच्या माणसाला एप्रिल-मेमधल्या डंकाचा वास म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही, चटणी करायला मिरची, धने, खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, मसाला वेलची सगळं एकदम कुटलं जातं आणि गल्लीभर शिंका. ह्यातली मसाला वेलची बघा, ती मोठी काळी, ती धुरावर वाळवतात, म्हणून तिच्यात मसाला पण आहे आणि धूर पण आहे, म्हणजे तुमच्या परफ्युमची अख्खी आयडिया एका वेलचीत बसलीय. दगडफूल म्हणजे दगडाझाडांवर उगवणारं शेवाळासारखं लायकेन, आणि फ्रान्समधले परफ्युमवाले जे ओकमॉस शंभर वर्षं वापरत आले ते पण लायकेनच, फक्त ओक झाडावरचं. तिकडं ते जंगलाचा वास म्हणून विकलं गेलं, आपण ते तांबड्या रश्श्यात टाकतो. कनौजचे अत्तरवाले पण दगडफूल वापरतात, तिकडं त्याला छरीला म्हणतात. तर मिस्टरांना सांगा की तुम्ही चेष्टेत बोललात पण बरोबर बोललात.

नणंदेचं तर एका वाक्यात सुटतं. लवंगेचा मुख्य वास म्हणजे युजेनॉल, आणि दातात तात्पुरतं सिमेंट भरतात ते झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचंच असतं. तुम्हाला लवंग म्हणजे मसालेभात, तिला लवंग म्हणजे ती मागं झुकणारी खुर्ची. ज्याला त्या खुर्चीची भीती त्याला हा परफ्युम आयुष्यात आवडणार नाही, समजावत बसू नका.

मग ते चर्च. ते आपल्याला कळायला जरा अवघड जातं कारण कोल्हापुरातली जुनी चर्चेस प्रोटेस्टंट मिशनच्या वळणाची, तिथं प्रार्थनेत धूप जाळत नाहीत. गोव्याकडनं येणारी कॅथलिक गिऱ्हाइकं मात्र पहिल्या सेकंदाला म्हणतात, अरे हा तर मिस्साचा वास! कारण कॅथलिक चर्चमध्ये साखळीच्या धुपाटण्यात जो जाळतात तो ओमान, येमेन, सोमालियाकडचा खरा धूप, बोसवेलिया झाडाचा डिंक. त्याचाच भाऊ आपल्याकडं सालई म्हणून सातपुड्यात, विदर्भात वाढतो, शल्लकी नावानं आयुर्वेदात चालतो. त्या धुपात तो 'जुन्या चर्चचा' म्हणून जो एक टिपिकल वास आहे त्याचं नेमकं कारण कितीतरी वर्षं कुणाला सापडत नव्हतं, 2016 साली फ्रान्समधल्या नीसच्या केमिस्ट लोकांनी दोन ॲसिड वेगळी काढली, नाव ठेवलं ओलिबॅनिक ॲसिड, प्रमाण अगदी किरकोळ पण वास सगळा त्यांचा.

आणि तुमचं देऊळ? इथं मला तुम्हाला थोडं खोडावं लागेल. आपल्या देवळात तो अरबी धूप कुणी जाळत नाही हो. कापूर, समईचं तेल, ओला दगड, शिळा झालेला हार, आणि बाजारात धूप म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा राळ नाहीतर गुग्गुळ. मग तुम्हाला देऊळ का दिसलं? माझा अंदाज असा की धुपाच्या तेलात पाइनसारखा, लिंबासारखा एक थंड उडता भाग असतो, तो कापराच्या जवळ जातो, आणि मागनं ऊदाचा गोडवा येतो, ह्या दोन टोकांवर तुमच्या डोक्यानं अख्खं सभामंडप बांधलं. त्यात काही वाईट नाही. पण मग चर्च म्हणणाऱ्याला तुम्ही खोटं पाडू शकत नाही, कारण त्यानं दुसरी इमारत बांधली, विटा त्याच.

हे नुसतं मी म्हणतो असं नाही. 2002 मध्ये कॉम दे गार्सों ह्या कंपनीनं धुपाचे पाच परफ्युम एकदम काढले आणि पाचांना पाच धर्मांच्या जागांची नावं दिली, कॅथलिकांचं आव्हिन्यों, रशियन ऑर्थोडॉक्सांचं झागोर्स्क, मोरोक्कोतलं वर्झाझात, जपानचं क्योतो आणि आपल्याकडचं जयसलमेर. जयसलमेरमध्ये दालचिनी-वेलचीचा मसाला. बघा म्हणजे, हिंदुस्थान म्हटलं की त्यांना धुपात मसाला टाकावासा वाटला. माझ्या दुकानात एकानं तो लावून बघितला आणि म्हणाला, ह्यात राजस्थान कुठंय, हे तर आमच्या लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानाचं मागचं गोडाऊन.

इथपर्यंत आठवणींचं झालं. पण सगळं आठवणींवर ढकलून मोकळं होता येत नाही, काही वेळा दोन माणसांच्या नाकात खरोखरच वेगवेगळा माल पोचतो, आणि ते मला स्वतःला उशिरा कळलं.

आपल्या नाकात वास पकडणारे साधारण 400 प्रकारचे रिसेप्टर आहेत, आणि ते प्रत्येकाचे सारखे नसतात. कुठलीही दोन माणसं घेतली तरी त्यातले साधारण 30 टक्के रिसेप्टर वेगळं काम करतात, असं 2014 च्या एका अमेरिकन संशोधनात निघालं. मिरीचं उदाहरण घेऊ, तुमच्या बाटलीत आहेच. मिरीचा जो तो खास झणका आहे त्यामागं रोटुंडोन नावाचं एक रसायन आहे. हे नाव आलंय सायपेरस रोटुंडस वरनं, म्हणजे आपला मोथा, नागरमोथ्याचा भाऊ, कारण ते पहिल्यांदा मोथ्यात सापडलं! नंतर 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या वाइनवाल्या संशोधकांनी दाखवलं की शिराझ वाइनला जो मिरीचा वास येतो तो ह्यानंच, आणि मिरीत तर ते भरपूर आहे. एक लिटर पाण्यात फक्त 8 नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, इतकं जबरदस्त. पण त्याच टेस्टमध्ये साधारण 20 टक्के लोकांना ते 4000 नॅनोग्रॅमला पण कळलं नाही. पाचशे पट! म्हणजे पाचातल्या एका माणसाला ते दारच बंद आहे. तो मिरी ओळखतो, कारण मिरीत बाकीचे पण वास आहेत, पण त्याची मिरी आणि तुमची मिरी एक नाही.

आता हे रोटुंडोन अरबी धुपात पण सापडलंय. मग विचार करा, धूप, मिरी आणि नागरमोथा असलेला परफ्युम पाच जणांनी लावला तर ज्याचं दार उघडं आहे त्याला तो कोरडा, झणझणीत, लाकडी लागणार, आणि ज्याचं बंद आहे त्याला ऊद-व्हॅनिलाचा गोडवाच वर आलेला वाटणार. पहिला म्हणणार मसाला फार, दुसरा म्हणणार कसला मसाला, हा तर शिरा. दोघं शपथेवर सांगतील. माझा धाकटा भाऊ असाच आहे, आम्ही वीस वर्षं एकाच काउंटरला बसून एका नागरमोथ्याच्या तेलावरनं भांडलो, मी म्हणायचो तिखट आहे, तो म्हणायचा मातीचा वास आहे नुसता. मी त्याला नाक नाही म्हणून चिडवायचो, जे मी करायला नको होतं.

नागरमोथ्याचं नाव निघालंच तर, दिवाळीचं उटणं. त्यात नागरमोथा असतोच असतो. आणि आजकालच्या परदेशी परफ्युममध्ये धुराचा परिणाम आणायला जे तेल सर्रास वापरतात, ज्याला ते सिप्रिऑल म्हणतात, ते आपलंच नागरमोथ्याचं तेल. म्हणून कितीतरी मराठी माणसं असला परफ्युम नाकाला लावला की दोन मिनिटं गप्प होतात आणि मग म्हणतात, कुठंतरी ओळखीचं आहे, आणि ते नाव सापडत नाही. मी म्हणतो, पहिली आंघोळ. मग बघा चेहरा.

अजून एक गोष्ट, कुणी कधी वास घेतला हे कुणीच सांगत नाही आणि निम्मी भांडणं तिथंच असतात. मसाल्याचा आणि लिंबासारखा हलका भाग पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उडतो, धूप मधे असतो, ऊद, लाकूड, नागरमोथा संध्याकाळपर्यंत कापडाला चिकटून राहतात. मिस्टर गाडीत शेजारी बसले तेव्हा तुम्ही ताजा ताजा मारला असणार, त्यांना डंक मिळाला. सासूबाईंना तुम्ही संध्याकाळी घरी आल्यावर भेटलात, त्यांना शेगडी मिळाली. आणि तुम्हाला स्वतःला तर काही वेळानं काही कळतच नाही, कारण नाक एकाच वासाला सरावतं आणि तो बंद करून टाकतं, मग तुम्हाला वाटतं उडाला आणि तुम्ही अजून दोन फवारे मारता आणि ऑफिसात शेजारची खिडकी उघडते. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्यानं काही होत नाही, साधी हवा घेतली तरी तेवढंच. मी लोकांना स्वतःच्या कोपराचा आतला भाग हुंगायला सांगतो, जिथं काही लावलेलं नाही तिथं, फुकटात होतं.

कातडीचं लोक फार मोठं करून सांगतात, पीएच आणि काय काय. माझ्या अनुभवात कोरड्या कातडीवर वास लवकर संपतो, तेलकट किंवा खोबरेल लावलेल्यावर टिकतो, आणि बाकी उन्हाचा खेळ. मे महिन्यात बिंदू चौकात दुपारी उभं राहून लावलेला दालचिनीचा परफ्युम आणि जुलैत रंकाळ्यावर भिजत लावलेला तोच परफ्युम, दोन बाटल्या वाटतील. हां, दवण्याबद्दल मात्र परफ्युमवाले जगभर म्हणतात की तो प्रत्येकाच्या अंगावर वेगळा येतो. तोच दवणा जो आपण जोतिबाला वाहतो. डोंगरावरनं उतरताना एकाच एसटीत सगळ्यांच्या पिशवीत तोच दवणा असतो आणि कुणाला तो फळासारखा गोड लागतो, कुणाला औषधी, हे मी स्वतः कित्येकदा विचारून बघितलंय, शेजारी बसलेले लोक येडा समजतात पण सांगतात.

आणि शेवटचं कारण म्हणजे नाव. नाव कानावर पडलं की नाक त्याच्या मागं जातं. रेचल हर्झ म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी 2001 मध्ये एकच वास लोकांना एकदा चीज म्हणून दिला आणि एकदा उलटी म्हणून दिला, चीज म्हटल्यावर आवडला, उलटी म्हटल्यावर नाक मुरडलं, कुपी तीच. तेव्हा तुम्ही आधी परदेशी लोकांचं चर्च वाचून मग मनगट हुंगलं असेल तर ते तुमचं मत राहिलंच नाही, आणि नणंदेनं सगळ्यांसमोर दातांचा दवाखाना म्हटल्यापासनं तुम्हालाही जरा जरा लवंग टोचायला लागली असेल, खरं सांगा.

मग करायचं काय. किराणा दुकानातनं आणि काष्ठौषधीवाल्याकडनं थोडी थोडी मिरी, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, दगडफूल, नागरमोथा, ऊद आणि मिळाला तर सालईचा धूप आणा, फार खर्च नाही. खलबत्त्यात एकेक जरासं चेचा आणि वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. ऊद आणि धूप दोन्ही आधी कच्चे हुंगा, मग निखाऱ्यावर टाकून, कारण कच्चा डिंक आणि त्याचा धूर ह्यांचा वास एकमेकांशी भांडतो, कच्चा धूप लिंबासारखा, जळालेला जड, आणि परफ्युममध्ये बऱ्याचदा कच्च्याचं तेल असतं आणि धूर वेगळा, नागरमोथ्यानं वगैरे, रंगवलेला असतो. म्हणून धुराची अपेक्षा ठेवून लावलं की लोक म्हणतात ह्याला टर्पेंटाइनचा वास येतोय. तो येतोच, पाइनचा तोच भाग दोन्हीकडं आहे.

वाट्या झाल्या की एकेकाला डोळे मिटून बसवा, परफ्युमचं नाव सांगू नका, कागदाच्या पट्टीवर द्या, आणि विचारा की कुठल्या वाटीसारखं येतंय. 'कसं वाटलं' विचारू नका, त्यावर माणूस आपलं आयुष्य सांगतो. वाटी दाखवायला सांगितली की तो वास सांगतो. दहा मिनिटांनी परत, दोन तासांनी परत. मिस्टरांना जर नागरमोथ्याच्या वाटीत मिरीचा झणका दरवेळी सापडलाच नाही, माझ्या भावासारखा नुसता मातीचा वास आला तर ते कदाचित त्या पाचातले एक असतील. तसं निघालं तर त्यांना चिडवू नका, माझ्यासारखं वीस वर्षं घालवाल.

कातडीवर लावताना एक काळजी, दालचिनी आणि लवंग ह्या दोन्हींनी काही लोकांना खाज, लाल चट्टे येतात, म्हणूनच परफ्युम उद्योगात दोन्हींच्या मुख्य रसायनांवर मर्यादा घातलेल्या आहेत. नणंदेला आधीच नको वाटतंय तर तिच्या मनगटावर नका लावू, ओढणीवर द्या. आणि दालचिनीचं शुद्ध तेल आणून 'घरच्या घरी' अंगाला चोळणारे पण येतात माझ्याकडं, हात दाखवायला. नको.

आता बाटली. चार जणांची चार मतं पडली म्हणून ती डुप्लिकेट ठरत नाही, माझ्या अनुभवात उलटंच आहे. मी हाताळलेला बहुतेक नकली माल पहिल्या फवाऱ्याला जे आहे तेच तीन तासांनी असतो, नुसता फिका पडत जातो, आणि सगळे त्याला एकच नाव देतात, 'सेंट'. तुमच्याकडं सकाळी डंक आणि संध्याकाळी शेगडी आली, म्हणजे आत काहीतरी हलतंय. तरी शंका असेल तर बाटलीवरचा बॅच नंबर आणि बॉक्सवरचा एकच आहे का बघा, आणि सहज आलात तर बाटली घेऊन या, आपण पट्टीवर दोन तास ठेवून बघू, चहा माझा.

फक्त सासूबाईंना सोबत आणा. मला त्यांना दुबईवाला ऊद हुंगायला द्यायचाय आणि त्या काय म्हणतात ते ऐकायचंय.